बोन म्हणजे चांगला

आरे-वारेच्या रस्त्याला माझ्या एका चुलत पुतण्यानं पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. बाहेर झकास बोर्ड लावलाय: एसी रूम, घरगुती मासे, बोनफायर. पुण्या-मुंबईची माणसं संध्याकाळी सुरूच्या वाळक्या फांद्या पेटवतात, भोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसतात आणि मोबाइलवर गाणी लावतात. मी त्याला म्हटलं, "अरे, सरळ शेकोटी म्हण की." तर म्हणाला, "आत्या, शेकोटी म्हटल्यावर कोण येणार?" त्याचंही बरोबर आहे. पण तो शब्द वाचला की या वयातही मी दचकते, आणि त्याचं कारण सांगत बसले तर म्हातारी चळली म्हणायला तो मोकळा. म्हणून इथं लिहून ठेवते. या एका इंग्रजी शब्दापायी आमच्या दारावरून देवीची पालखी तशीच पुढे जायची वेळ आली होती, आणि तीही नेमकी अशा वर्षी, जेव्हा माझी आई तिच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.

आमचं गाव समुद्रापासून आत, कातळ चढून गेलं की. बाबा आणि दादा मुंबईला गिरणीत, घरी आई, वहिनी आणि मी. पडवीत एका बाजूला आमच्या हायस्कुलातले इंग्रजीचे सर राहायचे. सर घाटावरचे. गावात आले तेव्हा त्यांना राहायला जागा कुणी देईना, कारण एकटा माणूस आणि त्यातून घाटी. आईनं दिली. पहिल्या आठवड्यात ते तांदळाच्या भाकरीकडे अशा दुःखानं बघायचे की वहिनी आत जाऊन तोंडाला पदर लावून हसायची. पुढे कुळथाची पिठी त्यांना इतकी आवडायला लागली की दोनदा मागून घ्यायचे. स्वभावानं गरीब, पण शब्दाच्या बाबतीत महा कडक. सरपंचांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतली इंग्रजी चूक त्यांनी सरपंचांना भर एसटी स्टँडवर दाखवली होती. आई म्हणायची, "सर, आमच्या घरी बसून कोणाकोणाशी वाकडा घेताव?" त्यावर सर खाली मान घालून जेवत राहायचे.

वहिनीचा सातवा महिना चालू होता. याआधी तिची दोन मुलं पोटातच गेली होती. दुसऱ्या वेळी ती महिनाभर कुणाशी बोलली नव्हती, आणि तिच्यामागं आईही बोलेनाशी झाली होती. घरात भांड्यांचा आवाज तेवढा. मग या खेपेला दिवस राहिल्याबरोबर आई देवळात जाऊन नवस बोलून आली. हे पोर टिकलं, तर शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा सुनेच्या हातानं देवीची ओटी भरीन. वहिनीच्या माहेरचे तिला न्यायला आले होते, त्यांना आईनं शिमगा होईपर्यंत थांबवलं. खण आणून ठेवला. नारळ निवडून ठेवला, रोज तो कानाशी धरून हलवून बघायची, पाणी आहे ना. आमच्याकडे शिमग्यात पालखी घरोघर येते. गणपतीला नाही जमलं तरी शिमग्याला चाकरमानी येतोच येतो, तो त्या पालखीसाठी. ज्या घरात पालखी चढत नाही ते घर गावानं टाकलं असं समजायचं. मग त्यांच्याकडे लग्नाला कुणी जात नाही आणि मयताला खांदा द्यायलाही कुणी नसतं.

फाल्गुन लागला आणि सरांनी वर्गात विचारलं, तुमच्याकडे आगीला काय काय म्हणतात? आम्हाला काय, विषय आयता मिळाला. चुलीतला विस्तव, शेतातली भाजावळ, डोंगराला लागतो तो वणवा, थंडीतली शेकोटी, शिमग्याचा होम, मसणातलं सरण. सर खूश होऊन फळ्यावर लिहीत गेले आणि एकेकाला इंग्रजी शब्द देत गेले. सरणाला पायर. होमाला बोनफायर. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "सर, बोन म्हंजे हाड ना? मंग होमात हाड कुटनं आला?" सरांना असा प्रश्न म्हणजे मेजवानी. त्यांनी खडू ठेवला आणि सांगायला लागले. तिकडे इंग्लंडात फार पूर्वी सणाच्या दिवशी लोक जनावरांची हाडं गोळा करून जाळायचे. त्या घाणीनं वाईट गोष्टी पळतात अशी समजूत होती. म्हणून बोन-फायर, हाडांची आग. पुढे हाडं गेली, लाकडं आली, शब्द तेवढा राहिला. सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की आम्हीही फुललो.

आता आमच्या पोरांच्या जिभेला फायर काय आणि पायर काय. घरी जाईपर्यंत दोन्ही शब्दांची खिचडी झाली. त्यात शिमगा, म्हणजे गावभर बोंब मारायची मुभा. त्या संध्याकाळी होळीच्या माळावर पोरं नाचत ओरडायला लागली, "हुरा रे हुरा, बोनपायर! हाडांचा सरण!" एका आजोबांनी एकाला कान धरून विचारलं, हे कुणी शिकवलं? पोरगं म्हणालं, "इंग्लिशच्या सरान सांगितलान. होळीला इंग्लिशमधी हाडांचा सरण बोलतात." त्या दिवशी म्हातारे नुसते पुटपुटले. शिमग्यात तोंडाला धरबंध नसतो, सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या सकाळी होळीचा आंबा आणला. अख्खं झाड तोडून, ढोल वाजवत, खांद्यावरून नाचवत आणतात आणि खड्ड्यात उभं करतात. ते उभं करताना दोर निसटला. झाड कलंडलं आणि तात्या गावकरांच्या पुतण्याच्या, गजाच्या पायावर आलं. मी बायकांबरोबर बांधावर उभी होते. ढोल मध्येच थांबले आणि त्या शांततेत गजाचं ओरडणं ऐकू आलं. नडगीचं हाड मोडलं होतं.

झाड पुन्हा उभं केलं, होम लागला, पण कुणाच्या तोंडात बोंब नव्हती. आम्ही घरी आलो. पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या कुणी नीट खाल्ल्या नाहीत. दुपारनंतर गावकर आमच्या अंगणात आले. तात्या गावकर म्हणजे पालखीचे पहिले मानकरी, त्यांच्या शब्दाशिवाय पालखी हलत नाही. ते बसले नाहीत. आईनं गूळपाणी आणलं, तेही घेतलं नाही, आणि तेव्हाच आईचा चेहरा उतरला. बाबा आदल्याच दिवशी मुंबईहून आले होते, ते खाली उतरून उभे राहिले.

"तुमच्या मास्तरान हाडाचा नाव काढलान नि आमच्या पोराचा हाड मोडला," तात्या म्हणाले. "होळीला सरण बोललान. लोकांचा म्हणणा हाय, ज्या घरात हा माणूस जेवतो त्या घरात पालखी चढवायची नाय. उद्या सकाळी सहाणेवर सगळे बसतील. मास्तराला घेऊन या."

"तात्या, ते सरण नाय बोलले, पोरांनी—" बाबांनी सुरुवात केली.

"उद्या बोला," असं म्हणून ते गेले. जाताना त्यांची नजर ओटीवर उभ्या असलेल्या वहिनीकडे गेली आणि त्यांनी ती पटकन वळवली. ते वाईट नव्हते. त्यांच्या घरात त्या वेळी पोराच्या पायाला कामट्या बांधत होते.

सर पडवीत उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी आपली ट्रंक ओढली आणि कपडे भरायला घेतले. बाबा विडी ओढत बसले. मग म्हणाले, "सर, तसा नाय, पण दोन-चार दिवस रत्नागिरीला जाऊन आलात तर... ही पालखी एकदा होऊन जाऊ द्या." माझे बाबा भांडणाला भिणारे. मला त्यांचा राग आला नाही, कारण मलाही मनातून तेच वाटत होतं. सर गेले तर पालखी येईल. आई आत होती. ती ताट वाढून घेऊन बाहेर आली, फणसाच्या कुयरीची भाजी, भात आणि सकाळची पोळी. ताट ट्रंकेच्या झाकणावरच ठेवलं.

"जेवा."

"काकू, मी निघतो. माझ्यामुळं तुमचा नवस—"

"तुमी गेलात तर झाला काय? गाव बोलेल मास्तर पापी होता, पळाला, नि हेंनी पाप्याला जेवायला घातला. मंग पालखी नाय ती नायच, वर तुमच्या नावाला बट्टा." तिनं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. "नि जेवत्या माणसाला ताटावरनं उठवून मी उद्या देवीसमोर कुटल्या तोंडान उभी राहू? माजा नवस माजा. तुमी जेवा."

सर जेवले. मी पाणी देत होते. वहिनी आतल्या दाराला टेकून पोटावर हात ठेवून उभी होती, आणि कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. सगळं जिच्यासाठी चाललं होतं, तिला कुणी एक शब्दही विचारला नाही. आमच्या घरात असंच असायचं.

सकाळी सहाणेवर सगळा गाव. सहाण म्हणजे देवीचा दगडी चौथरा, पालखी शिमग्यात तिथं बसते. रूपं, म्हणजे देवीचे मुखवटे, लावलेली, अबोलीचे वळेसर, वरून उन्हाचा तडाखा आणि आंब्याच्या मोहोराचा वास. पुरुष गोल करून बसले होते, बायका मागं झाडाखाली. सर मध्ये उभे. पांढरा शर्ट, वर बटण लावलेलं. वहिनी येऊ नये असं आईला वाटत होतं, तरी ती आली. तात्यांनी विचारलं, "मास्तर, होळीला तुमी काय बोललात?"

सरांनी सांगितलं. अगदी वर्गात सांगितलं होतं तसंच, इंग्लंड, सण, जनावरांची हाडं. माझ्या मनात आलं, अहो, थोडं कमी सांगा. "म्हंजे हाडांचीच आग," कुणीतरी म्हणालं आणि गोलात गुरगुर सुरू झाली. एक जण उठून म्हणाला, कशाला ऐकताव, याला एसटीत बसवा. दुसरा म्हणाला, आणि त्या घराचं काय? आमच्याकडे बोट केलं होतं. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. बाबा जमिनीकडे बघत होते.

तेव्हा आगबोटीवरचे काका उठले. आयुष्यभर बोटीवर खलाशी म्हणून फिरले होते, गावात त्यांच्याइतकं जग कुणी पाहिलं नव्हतं आणि ते आम्हाला विसरूही देत नसत. खाकरून म्हणाले, "थांबा रे. काय कळत नाय तर बोलताव कशाला? फ्रान्सच्या बंदराला मी उतरलोय. तिथं बोन म्हंजे चांगला. जेवण आवडला, बोन. दर्या शांत हाय, बोन. इंग्रजांनी अर्धी भाषा फ्रान्सवरनं उचलली. बोनफायर म्हंजे चांगला जाळ. शुभ होम! हाडाबिडाचा काय संबंध?"

सगळ्यांचे खांदे एकदम सैल पडलेले मी बघितले. कुणालाच भांडण नको होतं, गावात चाकरमानी आलेले, दोन दिवसांनी परत जायचे. हो हो, चांगला होम, बरोबर, असं चारी बाजूंनी सुरू झालं. तात्या उठले. त्यांनी पालखीपुढचा नारळ उचलून सरांसमोर धरला. "मास्तर, हेच्यावर हात ठेवा. देवीच्या समोर सांगा, बोन म्हंजे चांगला, पोरांनी चुकीचा ऐकला. विषय मिटला. पालखी दुपारी तुमच्या दारात."

इथं मला सांगायला हवं की त्या गर्दीत सर सोडून फक्त आम्हा वर्गातल्या पोरांना एक गोष्ट ठाऊक होती. त्या दिवशी सरांनी हेही सांगितलं होतं की, एका मोठ्या शब्दकोशकारालासुद्धा हा बोन फ्रान्सचा वाटला होता, आणि तो चुकला होता. मोठ्या माणसाला वाटलं म्हणून शब्दाचा बाप बदलत नाही, असं म्हणून ते हसले होते. म्हणजे काकांचं म्हणणं चूक हे सरांना पक्कं माहीत होतं. आणि हात ठेवायचा होता तो देवीच्या नारळावर. मला वाटत होतं, सर, हो म्हणा. आणि त्याच वेळी वाटत होतं, हे हो म्हणाले तर मी यांच्याकडून पुन्हा एकही शब्द कसा शिकणार? चौदा वर्षांच्या मुलीला दोन्ही इतक्या जोरानं वाटत होतं की मला रडू यायला लागलं. आता विचार केला तर, सगळ्या जन्मात इतकं स्पष्ट कधी काही वाटलं नाही.

सरांनी मान वर केली. नारळाकडे बघितलं, देवीच्या रूपाकडे बघितलं आणि मग झाडाखाली आमच्याकडे. वहिनी उन्हानं लाल झाली होती, एका हातानं कंबर धरून उभी होती. सर तिच्याकडे खूप वेळ बघत राहिले, एरवी ते तिच्याकडे मान वर करूनही बघत नसत. मग त्यांनी नारळावर हात ठेवला.

"बोन म्हणजे चांगला," ते म्हणाले. "चांगला जाळ. मुलांनी... मुलांची ऐकण्यात चूक झाली."

ढोलावर थाप पडली. काका मिशीवर हात फिरवत चारी बाजूंना बघत होते. मागच्या बाकावरचं ते पोरगं माझ्याकडे वळून बघत होतं, तोंड उघडं टाकून. मी त्याला डोळ्यांनी दटावलं आणि त्यानं तोंड मिटलं. त्या पोरानं पुढे कुणालाही हे सांगितलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुपारी पालखी आली. पाणंदीतून निशाण दिसलं तेव्हा आई पळतच आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. अंगण सारवलेलं होतं तरी तिनं पुन्हा पाणी शिंपडलं. पालखीवाल्यांच्या पायांवर मी तांब्यानं पाणी घातलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, या घरातल्या लेकीसुनांना राख, पोटच्या पोराला राख. वहिनीनं ओटी भरली. तांदूळ बाहेर सांडत होते, आणि आई खाली बसून ते वेचत होती आणि रडत होती. वहिनी मात्र रडली नाही. तिनं खण नीट पसरला, नारळ ठेवला आणि हात जोडून इतका वेळ उभी राहिली की ढोलवाल्यांनी हात थांबवले. तिला त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर मुलगी झाली, धडधाकट. पण त्या दुपारी हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग घरातल्या पुरुषांनी पालखीला खांदा द्यायचा. बाबांनी पुढचा दांडा घेतला. दादा आलाच नव्हता, त्याला रजा मिळाली नव्हती. मागचा दांडा रिकामा. आई पडवीकडे वळली. सर आत, ट्रंकेजवळ उभे होते, दाराआड.

"सर, खांदा द्या."

"काकू, मला सांगू नका. मी त्या पालखीला हात लावणार नाही." ते मागं सरकले. "मी देवीसमोर—"

आई त्यांच्याजवळ गेली. मी तांब्या घेऊन तिच्या मागेच होते म्हणून ऐकू आलं, बाहेर ढोलांचा कल्लोळ होता. "हाडांचीच ना ती?" तिनं विचारलं.

सरांनी होकारार्थी मान हलवली.

"मला तेवाच कळला. तुमचा तोंड बघितला नि कळला." माझी आई तिसरी शिकलेली, तिला आपली सही करायला वेळ लागायचा. "मला कळला, मंग तिला कळला नसेल? ती देवी हाय. तिला कळला, नि तरी ती आली ना माज्या दारात? तिन राग धरलान नाय. मंग तुमी कोण मागं सरणारे?"

सरांनी दारातच चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि अंगणात उतरले. त्यांना दांडा कसा धरायचा ते माहीत नव्हतं. तात्या गावकर पुढे झाले, त्यांनी सरांचा हात धरून दांड्यावर नीट ठेवला, खांद्यावर उपरणं घडी करून दिलं आणि म्हणाले, "मास्तर, दमानं. पाय आमच्याबरोबर टाका." आणि पालखी उठली.